छंदाचा व्यवसाय करताना: लग्नाच्या फोटोग्राफीत उतरणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

फोटो चांगले येतात असं चार लोक म्हणतात, कॅमेरा हाताळून वर्ष-दोन वर्षं झाली आहेत आणि आता यातच पूर्णवेळ उतरावं असं वाटू लागलंय, अशा माणसासाठी हा लेख आहे. आपल्याकडे या धंद्यात येणाऱ्या बऱ्याच जणांची पहिली कमाई लग्नकार्यातून होते, म्हणून इथे तीच वाट धरली आहे. पुढे प्रॉडक्ट किंवा फॅशनकडे वळायचं असलं तरी दर, करार आणि बॅकअप हे भाग तसेच लागू पडतील.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. छंदात शंभरातला एक फोटो अप्रतिम आला की दिवस सार्थकी लागतो. यजमान पैसे मोजतात ते भरवशासाठी. अंतरपाट दूर होतानाचा क्षण असो, मामांचा फोटो असो की व्हीलचेअरवर आणलेल्या आजीचा, काहीच सुटता कामा नये आणि सगळं ठरल्या तारखेला हातात पडलं पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी या भरवशासाठी आहे.

१. पहिला सीझन दुसऱ्याच्या हाताखाली काढा

स्वतःची ऑर्डर घेण्याआधी चालू स्टुडिओबरोबर किमान आठ-दहा कार्यं करा. सुरुवातीला लाइट धरावा लागेल, बॅगा सांभाळाव्या लागतील, नंतर स्टेजवरचे आहेराचे फोटो वाट्याला येतील. या आहेराच्या फोटोंना कमी लेखू नका. रांगेतल्या प्रत्येक कुटुंबाचा डोळे उघडे असलेला, कुणी कापलं न गेलेला फोटो तीन तास सलग काढणं हे कौशल्य आहे, आणि अल्बम आल्यावर पाहुणे आधी स्वतःचा फोटो शोधतात.

या काळात क्रम पाठ करा. साधारणपणे आदल्या दिवशी सीमांतपूजन आणि हळद, सकाळी गौरीहर, मग अंतरपाट आणि मंगलाष्टका, कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, झाल, पाठवणी आणि शेवटी माप ओलांडून गृहप्रवेश. घराण्यानुसार आणि गुरुजींनुसार क्रम पुढेमागे होतो, म्हणून प्रत्येक वेळी गुरुजींना विचारायचंच. बौद्ध पद्धतीच्या विवाहात त्रिशरण-पंचशील असतं आणि वधूवर बहुधा पांढऱ्या पेहरावात असतात. तिथे एक्सपोजर पांढऱ्या कापडावर बेतावं लागतं, नाहीतर साडीचा पोत उडून जातो. गोव्यातल्या कॅथलिक लग्नात आदल्या दिवशी नारळाच्या रसाचा ‘रोस’ असतो. चर्चमध्ये विधी चालू असताना फ्लॅश चालेल का, कुठपर्यंत पुढे यायचं, हे फादरना आधी विचारावं.

दोन पथ्यं कडक पाळा. दुसऱ्याच्या ऑर्डरवर असताना तिथल्या यजमानांना स्वतःचं कार्ड द्यायचं नाही. त्या कामाचे फोटो स्वतःच्या पोर्टफोलिओत टाकायचे असतील तर स्टुडिओमालकाकडून तशी लेखी परवानगी घ्यायची, व्हॉट्सअॅपवरचा मेसेज पुरतो. एका शहरातले फोटोग्राफर एकमेकांना काम देऊनच जगतात. मोठ्या तिथीला एकाकडे तीन चौकश्या येतात आणि तो दोन दुसऱ्यांकडे वळवतो. त्याच्या यादीत तुमचं नाव राहायला हवं.

२. सामान: आधी दुहेरी, मग भारी

नवख्यांचे पैसे बहुतेक वेळा एका महागड्या लेन्समध्ये अडकतात. व्यवसायाला आधी लागतं ते प्रत्येक गोष्टीचं दुसरं नग.

- दोन बॉडी, त्यातली मुख्य दोन कार्ड स्लॉटची. निकॉन झेड ५, कॅनन आर ६, सोनी ए ७ थ्री यांत दोन स्लॉट आहेत; कॅनन आरपी, आर ८ किंवा सोनी ए ७ सी यांत एकच. दुसरी बॉडी जुनी चालेल, पण माउंट (लेन्स बसवायची जागा) तोच हवा.
- २४-७० एफ २.८ आणि ८५ एफ १.८ या दोन लेन्स. सुरुवातीला एवढ्यावर अख्खं लग्न निघतं. छोट्या घरातल्या हळदीसाठी ३५ एफ १.८ हाताशी असावी.
- दोन फ्लॅश, ट्रिगर, आणि प्रत्येक फ्लॅशला रिचार्जेबल सेलचे दोन संच.
- ६४ जीबीची किमान चार कार्डं. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीत कॉम्प्रेस्ड रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची होते, म्हणजे एका कार्डात दोन हजारांच्या आसपास फोटो बसतात.
- एक्स्टेन्शन बोर्ड, कापडी चिकटपट्टी, लेन्स पुसायचं कापड, पावसाचं कव्हर.

बाकीचं भाड्याने घ्या. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची जुनी पेठ आहे, आणि भाड्याने सामान देणारे आता बऱ्याच शहरांत मिळतात. भाड्याचं सामान उचलताना दुकानातच पाच मिनिटं तपासा. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ दिसते. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून फोटो लिहिला जातोय ना ते बघा आणि लेन्सवर आधीचे ओरखडे असतील तर त्यांचे फोटो दुकानदारासमोर काढून ठेवा. हे न केल्यास परत करताना अनामत रकमेवरून वाद होतो.

३. दर खर्चावरून काढा, शेजाऱ्यावरून नको

“बाजारात काय चाललंय” म्हणून दोन हजार कमी करत जाणं हा या धंद्यातला सर्वांत मोठा सापळा आहे. हिशेब असा करा. समजा, तुमचं सामान चार लाखांचं आहे आणि ते चार वर्षं चालेल, म्हणजे वर्षाला एक लाख. दुरुस्ती, सॉफ्टवेअर, विमा, इंटरनेट, हार्ड डिस्क मिळून साठ हजार. घराला महिन्याला तीस हजार हवेत, म्हणजे वर्षाला तीन लाख साठ हजार. एकूण पाच लाख वीस हजार. वर्षात चाळीस दिवस काम मिळेल असं धरलं, तर एका दिवसाचे तेरा हजार निघाले पाहिजेत. सहायक, दुसरा फोटोग्राफर, प्रवास, जेवण, अल्बमची छपाई हे सगळं यावर वेगळं.

चाळीस दिवस कमी वाटतात ना? तिथी मोजा. आषाढी ते कार्तिकी एकादशीच्या चातुर्मासात आपल्याकडे फारशी लग्नं होत नाहीत, पौषात बहुतेक घरं टाळतात, आणि उरलेल्या महिन्यांत एकाच मोठ्या तिथीला पाच चौकश्या येतात, ज्यातली एकच घेता येते. शिवाय कार्याच्या एका दिवसामागे निवड आणि एडिटिंगचे दोन-तीन दिवस जातात.

नात्यातल्या पहिल्या लग्नाचं काम फुकट करावंसं वाटेल. करायचं तर करा, पण बिल पूर्ण रकमेचं बनवून खाली “आहेर म्हणून सूट” असं लिहून द्या. फुकटचा आकडा गावभर फिरतो आणि पुढची दोन वर्षं तोच तुमचा दर ठरतो.

४. नोंदणी आणि कागदपत्रं

हे काम दोन-तीन दिवसांत उरकतं, फक्त क्रमाने करा.

- आधी उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. शोधताना वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट हजार-दोन हजार मागतात, त्या दलालांच्या असतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का ते पाहा.
- मग गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार एकट्याने किंवा मोजक्या माणसांवर चालणाऱ्या व्यवसायाला कामगार विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन सूचना दिली की पोच मिळते.
- या दोन कागदांवर बँकेत चालू खातं उघडा. घरखर्च आणि धंदा एकाच बचत खात्यात ठेवलात तर वर्षअखेरीस नफा किती झाला हे तुम्हालाच कळणार नाही.
- सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते; फोटोग्राफीवर दर १८ टक्के. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणं बेकायदा आहे.
- कंपनी किंवा हॉटेलचं काम केलंत तर ते टीडीएस, म्हणजे प्राप्तिकराचा काही भाग, आधीच कापून पैसे देतात. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलं नाहीत तर ती रक्कम अडकून पडते.

तयार ठेवायचे कागद: पॅन, आधार, जागेचं वीजबिल किंवा भाडेकरार (घरातून काम असेल तर घराचं), पासपोर्ट आकाराचा फोटो, आणि कॅमेरा व लेन्सची मूळ बिलं सीरियल नंबरसह. विम्याला आणि चोरीच्या तक्रारीला हीच बिलं लागतात.

५. तारीख धरण्याआधी करार

दोन पानांचा, मराठीत, दोघांच्या सह्यांचा करार पुरतो. त्यात कार्यक्रमांच्या तारखा आणि वेळा, तुमची किती माणसं येणार, किती तास, काय-काय देणार, कधी देणार आणि पैसे कसे, एवढं स्पष्ट हवं. “दोन दिवसांचं पॅकेज” असं मोघम लिहिलंत की हळद, संगीत, लग्न, सत्यनारायण आणि जागरण-गोंधळ हे सगळं त्या दोन दिवसांत आहे असं यजमान धरून चालतात. त्यात त्यांची चूक नसते.

पैशांची विभागणी ४०-५०-१० अशी ठेवा: तारीख धरताना चाळीस टक्के इसार, मुख्य कार्याच्या दिवसापर्यंत पन्नास, आणि उरलेले दहा अल्बम छपाईला जाण्याआधी. अर्धी रक्कम अल्बमनंतर मिळेल या बोलीवर कधी थांबू नका. फोटो निवडून द्यायला घरात कुणाला वेळ होत नाही, वर्ष सरतं, तोवर पहिलं बाळ येतं आणि अल्बमचा विषय मागे पडतो. म्हणून करारात लिहा: निवड ४५ दिवसांत मिळाली नाही तर स्टुडिओ स्वतः निवड करून अल्बम छापेल.

आता हक्कांचं कलम. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. “मी काढला म्हणजे माझा” हा समज लग्नाच्या फोटोंना लागू होत नाही. पोर्टफोलिओ, इन्स्टाग्राम, स्पर्धा यांसाठी फोटो वापरायचे असतील तर करारात तशी परवानगी घ्या आणि “लहान मुलांचे फोटो नकोत” किंवा “चेहरा दाखवू नका” असं लिहायला जागाही ठेवा. काही घरांना ते खरोखर नको असतं, त्याचा मान ठेवावा.

ड्रोनचं आश्वासन सहज देऊ नका. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला प्रमाणित पायलट लागतो. विमानतळ आणि लष्करी तळांच्या आसपास बंधनं असतात, आणि पुण्यात लोहगाव, गोव्यात दाभोळी यांच्या जवळ मंगल कार्यालयं पुष्कळ आहेत. हॉल कुठल्या झोनमध्ये येतो हे डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर बघून मगच होकार द्या. प्री-वेडिंगसाठी किल्ला सुचवला गेला तर तो संरक्षित स्मारक आहे का, परवानगी कुणाकडून घ्यायची, हे आधी विचारा. रायगडासारख्या ठिकाणी तर असं शूट करूच नये असं आमचं मत आहे. ती लोकांच्या श्रद्धेची जागा आहे.

६. आदला दिवस

हॉल पाहून या, तेही शक्यतो मुहूर्ताच्या वेळी. बोहल्यावर ऊन कुठून येतं, छत पांढरं आहे की लाल-पिवळ्या कापडाने झाकलंय, प्लग कुठे आहेत, हे पाहायचं. सगळे दिवे लावायला सांगून चार चाचणी फोटो काढा.

घरातल्या एका जाणत्या माणसाला, बहुधा एखाद्या मावशीला किंवा काकाला, सोबत घेऊन यादी करा: कुणाकुणाचे फोटो हवेतच, कुणाचं एकमेकांशी बोलणं नाही, कोण लवकर निघणार आहे. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. हे राहिलं तर निवडीच्या वेळी दोन फोटोग्राफरांचे हजारो फोटो क्रमाने लागत नाहीत आणि सप्तपदी कन्यादानाच्या आधी येते. कार्डं कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आणि तेही जुना डेटा दोन ठिकाणी असल्याची खात्री करूनच.

७. मांडवात काय बिघडतं

सगळ्यांत नाजूक क्षण अंतरपाटाचा. मंगलाष्टका किती चालतील ते घरातल्या हौशी गायकांवर अवलंबून असतं, पण पाट दूर होऊन हार घातले जाईपर्यंत हातात काही सेकंदच असतात. तुमची जागा बोहल्याच्या बाजूला, अंतरपाटाच्या रेषेत हवी, म्हणजे दोन्ही चेहरे एका फ्रेममध्ये येतात. समोरून उभं राहिलात तर गुरुजींची पाठ मिळते. वधूवरांच्या मागे मामा उभे असतात आणि दिवा घेऊन करवली असते. तीही फ्रेममध्ये बसतेय ना ते बघा. दुसरा माणूस पलीकडे ठेवा आणि मोबाइल उंच धरलेल्या मित्रमंडळींना आधीच गोडीत सांगा की दोन मिनिटं मागे थांबा, फोटो तुम्हालाच मिळणार आहेत.

एफ १.८ वर राहू नका. रेषेवरून थोडं सरकलात तरी दोघं सारख्या अंतरावर नसतात आणि एक चेहरा धूसर होतो. एफ ४ ठेवा. उडत्या अक्षता थिजवायला १/५०० शटर स्पीड लागतो, त्यासाठी आयएसओ ३२०० किंवा ६४०० वर गेला तरी चालेल. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला येत नाही. दुसरी अडचण फोकसची. समोरून जाणाऱ्या अक्षतांवर कॅमेरा उडी मारतो. फेस डिटेक्शन चालू ठेवा आणि ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा, म्हणजे मध्ये काही आलं तरी फोकस चेहरा सोडत नाही.

फोटोत आडवे काळे पट्टे दिसले तर दोष एलईडी दिव्यांचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा, अँटी-फ्लिकर चालू करा. होम किंवा आहेरासारख्या संथ विधींना १/१०० वर या.

फ्लॅश छतावर मारायची सवय कापडी मंडपात नडते. लाल कापडावरून परतलेला प्रकाश लालच असतो आणि चेहऱ्यांवर उतरलेला तो रंग एडिटिंगमध्ये पुरता निघत नाही. अशा ठिकाणी फ्लॅश स्टँडवर, सॉफ्टबॉक्स लावून, बाजूने द्या. लाजाहोमाच्या वेळी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद करा, कारण पुढचा धूर उजळतो आणि मागची माणसं पांढुरकी होतात.

हळदीत ऑटो व्हाइट बॅलन्स फसतो. फ्रेमभर पिवळा दिसला की कॅमेरा निळा मिसळतो आणि हळद मळकट दिसते. दिवसाउजेडी ५५०० केल्विनवर कुलूप लावून टाका. लेन्सवर फिल्टर चढवा आणि ओल्या हळदीच्या हातांनी झूमची रिंग फिरवू नका. ती आत गेली की दुरुस्तीचा खर्च कार्यातल्या कमाईइतका होऊ शकतो.

८. बॅकअप: घरी पोचल्यावर आधी हेच

कॅमेरा दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहील असं सेटिंग ठेवा. भरलेली कार्डं बॅगेत नकोत, अंगावरच्या बंद खिशात हवीत. बॅग मांडवातून उचलली जाऊ शकते. रात्री कितीही उशीर झाला तरी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा, आणि मधले-मधले दहा-वीस फोटो उघडून बघा. तिसरी प्रत घराबाहेर हवी: क्लाउडवर, किंवा नातेवाइकाकडे ठेवलेल्या डिस्कवर. निवड यजमानांच्या हाती पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका. मूळ फाइली किती काळ सांभाळणार हेही करारात लिहा, एक वर्ष पुरेसं आहे.

एखादं कार्ड वाचलंच गेलं नाही तर त्यावर पुढे एकही फोटो काढू नका आणि संगणक “फॉरमॅट करू का” विचारेल तेव्हा नाही म्हणा. डेटा बहुतेक वेळा परत मिळवता येतो, जोवर त्यावर नवीन काही लिहिलं जात नाही.

९. निवड आणि अल्बम

तीन हजार फोटो तसेच्या तसे देऊन टाकू नका. डोळे मिटलेले, दुबार, हललेले काढून सहाशे-आठशे द्या. अल्बमचा रूढ आकार १२ बाय ३६ इंचांचा स्प्रेड, म्हणजे समोरासमोरची दोन पानं मिळून. ३०० डीपीआयला त्याची फाइल १०८०० बाय ३६०० पिक्सेलची होते. मधल्या घडीवर चेहरा येऊ देऊ नका. छपाईआधी लॅबकडून एका शीटचा नमुना काढून घ्या, कारण मोबाइलच्या उजळ स्क्रीनवर पास केलेला फोटो कागदावर काळपट येतो.

मराठी मजकुरावर विशेष लक्ष द्या. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमधलं भारतीय लिप्यांसाठीचं इंजिन चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. “चि. सौ. कां.” पुढचं नाव, आडनाव आणि तारीख लग्नपत्रिकेशी ताडा आणि यजमानांकडून लेखी होकार घेऊनच छापायला द्या. नावातली चूक माफ होत नाही, आणि व्हायलाही नको.

१०. नोकरी कधी सोडायची

एक पूर्ण सीझन शनिवार-रविवार आणि रजा वापरून काढा. पुढच्या सीझनच्या किमान पंधरा तारखा इसारासह हातात आल्या आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला, की विचार करा. हे सहा महिने चातुर्मासासाठीच लागतात. त्या काळात डोहाळेजेवण, बारसं, गणपतीची घरगुती कामं, हॉटेलांच्या मेन्यूचे आणि दुकानांच्या मालाचे फोटो यांवर घर चालवावं लागतं, आणि त्यांची चौकशी मे महिन्यातच सुरू करावी लागते.

सामानासाठी कर्ज काढायचं असेल तर मुद्रा योजनेत तारणाशिवाय मिळतं: शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत. अर्जाला उद्यम प्रमाणपत्र, दुकानाचं कोटेशन आणि चालू खात्याचा उतारा लागतो. हप्ता लग्नसराईच्या कमाईवरून ठरवू नका. ऑगस्टमध्ये जेवढा भरता येईल तेवढाच घ्या.